पान हरवू नये : मजकुराचे रूपांतर करताना पृष्ठखुणा कशा जपाव्यात?

ग्रंथातील वचन जितके महत्त्वाचे, तितकाच त्या वचनाचा ठावठिकाणाही महत्त्वाचा असतो. ‘अमुक ग्रंथात असे लिहिले आहे’ असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न येतो, ‘कोणत्या पानावर?’ या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर वचन खरे असूनही सांगणारा खोटा ठरतो. आज आपल्या मंडळातील अनेक विद्यार्थी ग्रंथ संगणकावर व मोबाईलवर वाचतात. जुनी, जीर्ण झालेली पुस्तके स्कॅन करून त्यांचा साधा मजकूर तयार करण्याचे कामही काही तरुण हौसेने करीत आहेत. हे काम स्तुत्य होय. परंतु या कामात बहुधा असे घडते की मजकूर हाती येतो आणि पान हरवते. ते हरवू नये म्हणून काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय तांत्रिक वाटला तरी अवघड नाही. ज्याला कीर्द-खतावणी समजते त्याला हे सहज समजेल, असे आम्हास वाटते.

१) पान म्हणजे पत्ता

आम्ही बँकेत नोकरी करतो, म्हणून उदाहरण हिशेबाचेच घेऊ. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कीर्दीतील ‘खा. पा.’ हा अरुंद रकाना ठाऊक असेल. खा. पा. म्हणजे खाते पान. कीर्दीत लिहिलेली रक्कम खतावणीच्या कोणत्या पानावर गेली, तो आकडा त्या रकान्यात लिहितात. रकाना बोटभर रुंदीचा, पण तो कोरा राहिला तर तपासनीसाला रकमेचा माग काढता येत नाही. रक्कम बरोबर असते, बेरीजही जुळते, तरी नोंद सिद्ध करता येत नाही.

ग्रंथातील अवतरणाचेही असेच आहे. आमच्या माहितीतील एका विद्यार्थिनीने मोठ्या कष्टाने प्रबंध लिहिला. संदर्भग्रंथ तिने संगणकावर पीडीएफ स्वरूपात वाचला होता. पडद्यावर दिसणारा १५३ हा आकडा तिने पृष्ठक्रमांक म्हणून लिहिला. तोंडी परीक्षेच्या वेळी परीक्षकांनी छापील ग्रंथ मागवून पृष्ठ १५३ उघडले. तेथे ते वाक्य नव्हते. ते होते पृष्ठ १३७ वर, कारण मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व प्रस्तावना मिळून आरंभीची १६ पाने फाईलमध्ये मोजली गेली होती. मुलीने काहीही बनावट लिहिले नव्हते. तरीही काही काळ तिच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेतली गेली. ज्या समाजाला आपले प्रत्येक विधान पुराव्यानिशी मांडावे लागते, त्या समाजाच्या विद्यार्थ्यांना ही चूक परवडणारी नाही.

२) साधा मजकूर म्हणजे काय?

संगणकावरील सजवलेल्या दस्तऐवजात अक्षरांबरोबर ठळकपणा, रंग, चित्रे, समास, तळटीपा अशा अनेक गोष्टी असतात. साधा मजकूर, ज्यास प्लेन टेक्स्ट म्हणतात, त्यात फक्त अक्षरे, मोकळ्या जागा आणि ओळी असतात. सजावट काहीच नसते. त्यामुळे तो कोणत्याही संगणकावर उघडतो, फार कमी जागा घेतो आणि त्यात शब्द शोधणे सोपे जाते. वीस वर्षांपूर्वीची एखादी सजवलेली फाईल आज उघडताना अडचण येईल, परंतु साध्या मजकुराची फाईल बहुधा उघडेल. म्हणूनच दीर्घकाळ जतन करण्यासाठी साधा मजकूर उत्तम समजतात.

पण साध्या मजकुराला पान नसते. तो लांबच लांब कागदाच्या गुंडाळीसारखा असतो. ३०० पृष्ठांचा ग्रंथ त्यात ओतला की एकच सलग प्रवाह तयार होतो. कोठे एक पान संपून दुसरे सुरू झाले, म्हणजे पेज ब्रेक कोठे होता, हे मुद्दाम नोंदवून ठेवले नाही तर पुढे कोणालाही सांगता येत नाही. मूळ पुस्तक फाटून गेलेले असेल तर ती माहिती कायमचीच जाते.

३) बाराव्या क्रमांकाचे चिन्ह

सुदैवाने संगणकाच्या वर्णमालेत पान बदलण्यासाठी एक स्वतंत्र चिन्ह आहे. १९६३ साली अमेरिकेत ‘आस्की’ ही संकेतप्रणाली प्रसिद्ध झाली. तिच्यात अक्षरांबरोबर यंत्राला हुकूम देणारी काही न दिसणारी चिन्हेही आहेत. क्रमांक १० चे चिन्ह नवी ओळ दाखवते, क्रमांक १३ चे चिन्ह छपाईचा ठोकळा ओळीच्या आरंभी आणते आणि क्रमांक १२ चे चिन्ह म्हणजे ‘फॉर्म फीड’. त्याचा अर्थ, ‘हे पान पुरे झाले, पुढच्या पानाच्या माथ्यावर जा.’

ज्यांनी बँकेत किंवा कचेरीत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पाहिला असेल त्यांना दोन्ही कडांना भोके असलेला, घड्यांचा सलग कागद आठवेल. प्रिंटरवरील फॉर्म फीडचे बटण दाबले की कागद सरकून पुढच्या पानाच्या आरंभाशी येऊन थांबे. संगणकातील क्रमांक १२ चे चिन्ह तेच काम करते. पुढे १९९१ पासून युनिकोड आले आणि देवनागरीसह जगातील लिप्या एकाच प्रणालीत आल्या. आस्कीची सर्व १२८ चिन्हे युनिकोडने जशीच्या तशी ठेवली. त्यामुळे मराठी मजकुराच्या फाईलमध्येही फॉर्म फीड चालते.

४) पान नेमके कोठे हरवते?

दस्तऐवजाचा प्रकार ओळखल्याशिवाय रूपांतर करू नये. आपल्या कामापुरते तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार वर्डसारख्या प्रोग्राममध्ये टंकलिखित केलेल्या फाईलचा. येथे पेज ब्रेक दोन तऱ्हेचा असतो. टंकलेखकाने कंट्रोल व एंटर ही बटणे दाबून मुद्दाम टाकलेला पेज ब्रेक फाईलमध्ये नोंदलेला असतो. परंतु पान भरले म्हणून आपोआप पडणारा पेज ब्रेक प्रोग्राम त्या त्या वेळी मोजून ठरवतो. कागद ए-फोर की लीगल, फॉन्ट कोणता, समास किती, यांवर ते अवलंबून असते. त्यामुळे एका संगणकावर ४० पानांची असलेली फाईल दुसऱ्या संगणकावर ४३ पानांची होऊ शकते. अशी फाईल सरळ साध्या मजकुरात साठवली तर आपोआप पडलेल्या पेज ब्रेकच्या खुणा मिळतील असा भरवसा धरू नये. म्हणून ज्या संगणकावर पाने बरोबर दिसतात तेथेच आधी तिची पीडीएफ करून घ्यावी.

दुसरा प्रकार पीडीएफचा. १९९३ मध्ये अडोबी कंपनीने आणलेल्या या स्वरूपात पाने पक्की असतात. येथे मजकूर काढताना ‘पीडीएफ-टू-टेक्स्ट’ हा मोफत मिळणारा प्रोग्राम उपयोगी पडतो. तो प्रत्येक पानाच्या शेवटी आपण होऊन फॉर्म फीड टाकतो. मात्र ते टाकू नये, असा एक पर्यायही त्यात आहे. पुष्कळजण मजकूर ‘स्वच्छ’ दिसावा म्हणून तो पर्याय निवडतात आणि तेथेच पान घालवतात. पीडीएफमधून माऊसने मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवणाऱ्यांनाही पानाची खूण मिळेलच असे नाही.

तिसरा प्रकार स्कॅन केलेल्या पुस्तकाचा. यात प्रत्येक पान हे एक चित्र असते आणि अक्षरओळख करणारा प्रोग्राम त्यातून मजकूर काढतो. मराठी वाचू शकणारा ‘टेसरॅक्ट’ हा मोफत प्रोग्राम पानाअखेर फॉर्म फीड टाकतो. पण एकेका पानाचे चित्र वेगवेगळे वाचायचे असेल तर फाईलच्या नावातच ००१, ००२, ००३ असा क्रमांक द्यावा. नाव १, २, १० असे ठेवले तर अनेक प्रोग्राम १ नंतर १० लावतात आणि पानांचा क्रम उलटसुलट होतो.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. श्रीलिपी, आकृती यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या पुस्तकाच्या पीडीएफमधून मजकूर काढला तर अनेकदा देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ हाती येतो. तो युनिकोडमध्ये बदलण्याचे प्रोग्राम मिळतात. बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर फाईलमधील फॉर्म फीडची संख्या मोजून पाहावी. अक्षरे सुधारण्याच्या भरात पाने गळाली तर नफ्यापेक्षा तोटा मोठा.

५) न दिसणाऱ्या चिन्हावर विसंबू नये

फॉर्म फीड मिळाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. हे चिन्ह डोळ्यांना दिसत नाही. काही प्रोग्राममध्ये ते चौकोनासारखे दिसते, काहींमध्ये काहीच दिसत नाही. मोकळ्या जागा साफ करणारे अनेक प्रोग्राम त्याला रिकामी जागा समजून पुसून टाकतात. ई-पुस्तके ज्या एक्सएमएल पद्धतीवर उभी आहेत, तिच्या प्रचलित १.० आवृत्तीत तर हे चिन्ह निषिद्धच आहे. म्हणजे आज जपलेली खूण उद्याच्या रूपांतरात नाहीशी होईल.

यावर उपाय एकच. फॉर्म फीडच्या जागी डोळ्यांना दिसेल अशी, अक्षरांत लिहिलेली पृष्ठखूण घालावी. तीत दोन्ही क्रमांक असावेत, छापील पृष्ठाचा आणि फाईलमधील पानाचा. उदाहरणार्थ :

[[पृ १३७ | फा १५३]]

दुहेरी चौकटी कंस सर्वसाधारण मजकुरात सहसा येत नाहीत, म्हणून ही खूण शोधणे व गरज पडल्यास काढून टाकणे सोपे जाते. आकडे मराठी लिहायचे की इंग्रजी हे एकदाच ठरवावे. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, पण संगणकाच्या लेखी ती निरनिराळी चिन्हे आहेत आणि एक शोधताना दुसरे सापडेलच असे नाही.

६) कामाची रीत

विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी पायऱ्या क्रमाने देत आहोत.

(अ) मूळ फाईलची एक प्रत अलग ठेवावी. तिला हात लावू नये.

(आ) मजकूर काढून ‘यूटीएफ-८’ या संकेतात साठवावा. ‘अन्सी’ असा पर्याय निवडल्यास मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

(इ) फॉर्म फीड मोजावेत. पीडीएफ-टू-टेक्स्ट प्रत्येक पानानंतर एक टाकतो, म्हणून ३२० पानांच्या फाईलमध्ये ३२० मिळाले पाहिजेत. कोऱ्या पानाचाही एक धरावा. कोरे पान निरुपयोगी समजून काढले की पुढचे सर्व क्रमांक एकाने चुकतात.

(ई) छापील क्रमांक आणि फाईलचा क्रमांक यांतील फरक काढावा. वरील उदाहरणात तो १६ आहे. आरंभी, मध्ये व अखेरीस, असा किमान तीन ठिकाणी तो तपासावा. मध्येच क्रमांक नसलेली चित्रांची पाने असतील तर तेथून फरक बदलतो. जेथे बदलतो ती जागा वहीत लिहावी.

(उ) आता खुणा घालाव्यात. थोडे प्रोग्रामिंग येणाऱ्या विद्यार्थ्याला पाच-सात ओळींत हे करता येईल. फाईल पूर्ण वाचावी, क्रमांक १२ च्या चिन्हापाशी तिचे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी त्या पानाची खूण लिहावी. शेवटच्या फॉर्म फीडनंतर उरणारा रिकामा तुकडा सोडून द्यावा. प्रोग्रामिंग येत नसेल तर ‘शोधा व बदला’ची सोय वापरून आधी नुसती खूण घालावी व क्रमांक हाताने भरावेत. १०० पानांच्या पुस्तकाला एक संध्याकाळ पुरते.

(ऊ) खूण नेहमी पानाच्या आरंभी असावी. शब्द दोन पानांत तुटला असेल, म्हणजे ‘लोक’ एका पानाच्या शेवटी आणि ‘शाही’ दुसऱ्याच्या माथ्यावर असेल, तर पूर्ण शब्द आधीच्या पानात ठेवून नंतर खूण घालावी. नाहीतर ‘लोकशाही’ शोधणाऱ्याला तो शब्द सापडणार नाही. हा नियम पूर्ण पुस्तकाला सारखा लावावा.

(ए) पानाच्या माथ्यावर येणारे ग्रंथाचे नाव आणि तळाचा छापील क्रमांक लगेच पुसू नये. खुणा पडताळून झाल्यावरच तो काढावा, कारण पडताळणीसाठी तोच साक्षीदार असतो.

(ऐ) शेवटी कोणतीही दहा पाने निवडून छापील पुस्तकाशी ताडून पाहावीत. बँकेत एकाने लिहिलेली नोंद दुसरा तपासतो. येथेही खुणा घालणारा आणि पडताळणारा वेगळा असावा.

याप्रमाणे तयार झालेली ती संदर्भप्रत. ज्यांना अखंड वाचायचे आहे त्यांच्यासाठी तिच्यातून खुणा काढून निराळी वाचनप्रत करता येईल. संदर्भप्रतीतून वाचनप्रत एका मिनिटात होते. वाचनप्रतीतून संदर्भप्रत करायची तर पुन्हा सारे पुस्तक चाळावे लागते. म्हणून संदर्भप्रत आधी, वाचनप्रत नंतर. आणि संदर्भप्रतीच्या पहिल्याच ओळीत ग्रंथाचे नाव, प्रकाशक, आवृत्ती व वर्ष लिहावे. आवृत्ती बदलली की पृष्ठे बदलतात, हे विसरू नये.

७) जगात हे काम कसे झाले?

ही काळजी केवळ आमची कल्पना नव्हे. बौद्ध वाङ्मयाच्या क्षेत्रातच याची मोठी उदाहरणे आहेत. १८८१ साली इंग्लंडमध्ये टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. तिने रोमन लिपीत छापलेल्या पाली ग्रंथांचे खंड व पृष्ठ हेच जगभर संदर्भासाठी रूढ झाले. दीघनिकाय, खंड २, पृष्ठ १५६ असे लिहिले की कोणत्याही देशातला अभ्यासक भगवान बुद्धांच्या अंतिम वचनापाशी पोहोचतो. पुढे इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९५४ ते १९५६ मधील सहाव्या संगीतीचे पाली तिपिटक संगणकावर आणले. तेव्हा मजकूर तेवढा घेऊन ते थांबले नाहीत. आपल्या देवनागरी आवृत्तीबरोबरच म्यानमारची आवृत्ती, थायलंडची आवृत्ती आणि पाली टेक्स्ट सोसायटीची आवृत्ती यांच्या पृष्ठखुणाही त्यांनी मजकुरात जागच्या जागी घातल्या. पुस्तक कोणतेही असो, पत्ता एकाच ठिकाणी नेतो.

चिनी त्रिपिटकाच्या बाबतीत तर याहून बारीक काम झाले. जपानमध्ये १९२४ ते १९३४ या काळात छापलेल्या ‘ताइशो’ आवृत्तीचे प्रत्येक पृष्ठ आडव्या तीन पट्ट्यांत विभागलेले आहे. १९९८ मध्ये तैवानात सुरू झालेल्या ‘सीबेटा’ या संस्थेने ती संगणकावर आणली. तिच्या साध्या मजकुराच्या एका स्वरूपात प्रत्येक ओळीच्या आरंभी खंड, ग्रंथ, पृष्ठ, पट्टा आणि ओळ यांचे क्रमांक आहेत. सजावट नसलेल्या मजकुरातही पत्ता किती नेमका ठेवता येतो, याचा हा उत्तम दाखला होय.

दुसराही एक मार्ग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात खंड, भाग व प्रकरणे असून आतील परिच्छेदांनाही क्रमांक आहेत. पुढे १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने तो आपल्या ग्रंथमालेचा अकरावा खंड म्हणून काढला. पृष्ठे बदलली, तरी परिच्छेदाचा क्रमांक दिलेला असेल तर संदर्भ सापडतो. ज्या ग्रंथात अशी अंगभूत क्रमांकयोजना आहे, तेथे पृष्ठाबरोबर तोही क्रमांक अवश्य लिहावा. ज्या ग्रंथांत ती नाही, आणि बहुसंख्य ग्रंथांत ती नसते, तेथे पृष्ठ हाच एकमेव पत्ता असतो.

८) हे कोणासाठी?

पहिले म्हणजे संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. दुसरे म्हणजे आपल्या अंध बांधवांसाठी. त्यांच्यासाठी साधा मजकूर हे मोठे वरदान आहे, कारण संगणक तो मोठ्याने वाचून दाखवतो. परंतु वर्गात शिक्षक म्हणाले, ‘पान ४२ उघडा’, तर डोळस मुले क्षणात उघडतात आणि सलग मजकूर ऐकणारा अंध विद्यार्थी चाचपडत राहतो. फाईलमध्ये पृष्ठखूण असेल तर तोही ४२ शोधून सर्वांबरोबर तेथे पोहोचतो. अंधांसाठी बोलक्या पुस्तकांची ‘डेझी’ ही जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात पृष्ठानुसार पुढेमागे जाण्याची सोय याच कारणाने ठेवली आहे. एका ओळीची खूण न घातल्याने कोणी वर्गात मागे पडत असेल, तर ती घालणे हे आपले कर्तव्यच ठरते.

तिसरे म्हणजे आपल्या संस्थांसाठी. मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीला पानांचे क्रमांक असतात, ते शोभेसाठी नव्हे. मधले पान कोणी काढू नये, घातलेले लपू नये, यासाठी ते असतात. अशा जुन्या वह्या, स्मरणिका, हस्तपत्रके आता हळूहळू संगणकावर जातील. त्यांची पाने क्रमांकासह गेली तरच पुढच्या पिढीला त्यांचा पुरावा म्हणून उपयोग होईल.

विद्यार्थी मित्रांनो, मोठमोठी यंत्रे आणि खर्चिक प्रोग्राम यांची यासाठी गरज नाही. एक जुना संगणक, थोडा धीर आणि दुसऱ्याने तपासण्याची शिस्त एवढे पुरेसे आहे. आपल्या वाचनालयातील जे पुस्तक सर्वांत जीर्ण आहे आणि जे दुसरीकडे मिळणे कठीण आहे, ते आधी घ्यावे. दोघांनी मिळून रोज १० पाने केली तर ३०० पृष्ठांचा ग्रंथ एका महिन्यात पृष्ठखुणांसह सुरक्षित होईल. त्या ग्रंथाच्या आधाराने उद्या कोणी बोलला आणि समोरच्याने ‘कोणत्या पानावर?’ असे विचारले, तर त्याला ताबडतोब उत्तर देता येईल.